रोल्ड गोल्ड, पण अस्सल

आमच्या लहानपणी घरात दोन तऱ्हांचं सोनं असे. एक कपाटातल्या डब्यात कुलूपबंद, दुसरं रोल्ड गोल्डचं. प्रवासाला निघताना आई खऱ्या बांगड्या उतरवून ठेवी आणि रोल्ड गोल्डच्या चढवी. त्यामुळे ‘रोल्ड गोल्ड’ नावाचा इंग्रजी अल्बम प्रथम ऐकायला बसलो, तेव्हा थोडं हसूच आलं. शेवटचं गाणं संपलं तेव्हा ते मावळलं होतं.

ही गाणी ‘द ॲक्शन’ या लंडनच्या बँडची. केंटिश टाउन भागातल्या या मुलांनी १९६३ साली ‘द बॉईज’ नावानं सुरुवात केली आणि १९६५ मध्ये नाव बदललं. तो जमाना ‘मॉड’ तरुणांचा. बेतीव सूट, स्कूटर आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांचं सोल संगीत, ही त्यांची दैवतं. रेग किंग या गोऱ्या पोराच्या गळ्यातून ते सोल असं काही उमटे, की ऐकणाऱ्यानं चकित व्हावं.

शिवाय परीस लाभला होता तो साक्षात जॉर्ज मार्टिन यांचा. बीटल्सच्या गाण्यांना आकार देणारे हेच ते मार्टिन! त्यांच्या देखरेखीखाली १९६५ ते १९६७ या काळात पार्लोफोन कंपनीनं ॲक्शनच्या पाच सिंगल रेकॉर्ड काढल्या. क्लबात गर्दी होई, पोरं जीव टाकत. पण त्यातली एकही रेकॉर्ड मोठी हिट ठरली नाही.

मग वादक बदलले. इयान व्हाइटमन आणि गिटारवादक मार्टिन स्टोन आले. उसनी गाणी मागे पडून स्वतःची गाणी सुचू लागली. १९६७-६८ मध्ये त्यांनी ती ध्वनिमुद्रित केली, एका अख्ख्या अल्बमपुरती. तो अल्बम निघालाच नाही. रेग किंग बाहेर पडला, बाकीच्यांचा ‘मायटी बेबी’ झाला आणि फिती पडून राहिल्या.

१९८० मध्ये त्यांच्या जुन्या सिंगल्सचा संग्रह निघाला. ‘द जॅम’च्या पॉल वेलर यांनी त्याच्या वेष्टनावर कौतुकानं लिहिलं. पण त्या पडून राहिलेल्या फिती लोकांपर्यंत पोचायला १९९५ उजाडलं. आधी ‘ब्रेन’ आणि पुढे ‘रोल्ड गोल्ड’ या नावानं. ही कच्ची ध्वनिमुद्रणं आहेत, शेवटचा हात न फिरवलेली. तरी किंगचा आवाज वर चढतो, मागून बाकीच्यांचे सूर येऊन त्याला उचलून धरतात, तेव्हा कच्चेपणा विसरायला होतो.

मधल्या काळात प्रत्येकाची वाट वेगळी झाली होती. गिटारवादक ॲलन किंग ‘एस’ या बँडमधून हिट गाण्यापर्यंत पोचला. मार्टिन स्टोन दुर्मिळ पुस्तकं हुडकण्यात नामांकित झाला. इतरांची हरवलेली चीज शोधणाऱ्याची स्वतःची चीज मात्र पडून होती! १९९८ मध्ये जुनी मंडळी पुन्हा एकत्र आली. कोवळ्या वयात त्यांना ऐकून भारावलेले फिल कॉलिन्स २००० साली लंडनच्या ‘१०० क्लब’मध्ये त्यांच्यासोबत ड्रम वाजवायला बसले. रेग किंग आणि बेसवादक माइक इव्हान्स दोघेही २०१० साली गेले. आपली गाणी कुणीतरी ऐकतंय, एवढं तरी त्यांना पाहायला मिळालं.

मला राहून राहून आमचा दादा आठवतो. दर बुधवारी रात्री रेडिओला कान लावून तो ‘बिनाका गीतमाला’ ऐके आणि कुठलं गाणं कितव्या पायदानावर, ते वहीत टिपून ठेवी. ती वही आमचा शब्दप्रमाण ग्रंथ. वहीत नाही ते गाणं चांगलं नाही, असा आमचा साधा हिशेब होता.

परवा ती वही सापडली. पानं पिवळी पडली आहेत, अक्षर अजून ठसठशीत आहे. मी मात्र या वेळी, तिच्यात नसलेली गाणी कोणती असतील, याचाच विचार करीत बसलो.