उत्पन्न न विचारता श्रीमंती मोजताना

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कुटुंबाचं उत्पन्न विचारत नाहीत. मजुरी हंगामागणिक बदलते, शेतीचा हिशेब शेतकऱ्यालाही वर्षअखेरच लागतो. त्यामुळे प्रगणक घराची नोंद करतात: जमीन कशाची, पाणी कुठलं, संडास आहे का, पंखा, गादी, प्रेशर कुकर, सायकल, मोटारसायकल. मुंबईत देवनारला असलेली लोकसंख्या विज्ञान संस्था १९९२-९३ पासून या पाहणीचं काम बघते.

एका कुटुंबाची एक ओळ. वस्तू असेल तर १, नसेल तर ०. असा तक्ता हाती आला की मी आधी कोणत्या वस्तू एकमेकींच्या सोबतीने येतात ते पाहतो. जिथे फरशी, तिथे बहुधा पंखा आणि टीव्हीही. हा सहसंबंधच पुढच्या गणिताचा पाया. कार्ल पिअर्सन यांनी १९०१ मध्ये मांडलेलं प्रमुख घटक विश्लेषण प्रत्येक वस्तूला भारांक देतं, तो अशा बेताने की बेरजेत, म्हणजे संपत्तीच्या निर्देशांकात, घराघरांतला फरक जास्तीत जास्त उमटावा. फिल्मर आणि प्रिचेट या अर्थतज्ज्ञांनी भारतातल्या पहिल्या पाहणीचे आकडे वापरून मुलांचं शाळेत जाणं आणि घरची संपत्ती यांचा संबंध याच रीतीने तपासला. तो लेख २००१ चा.

खरं काम भारांकांची यादी समोर आल्यावर सुरू होतं, आणि अनेक अभ्यासक नेमकी तीच घाईने उलटतात, याचं मला वाईट वाटतं. मोबाइल जवळजवळ सगळ्यांकडे असेल, तर तो घराघरांत फारसा फरक दाखवत नाही. गाय किंवा बैलगाडी यांचा भारांक तर उणेही निघू शकतो. गाय घेतल्याने घर गरीब होतं का? मुळीच नाही. जनावरं खेड्यात असतात, फ्लॅटमध्ये नसतात, एवढंच आकड्यांतून दिसलेलं असतं. ज्याने गोठा पाहिला आहे, त्याला हा भारांक लगेच खटकतो. खेड्यांचा आणि शहरांचा निर्देशांक वेगवेगळा काढण्याची पद्धत याच अडचणीतून आली.

शेवटी गुणांनुसार देशातल्या लोकसंख्येचे पाच समान भाग पाडतात. त्यामुळे देश कितीही सुधारला तरी तळाच्या गटात २० टक्के लोक राहणारच. एखाद्या जिल्ह्यात मात्र ते प्रमाण खूप कमी किंवा जास्त असू शकतं. तेव्हा बातमीतला ‘सर्वांत गरीब गट’ म्हणजे दारिद्र्यरेषेखालची कुटुंबं, असं कृपया समजू नका.