सोन्याचा गणपती आणि पोफळीची सावली

खडकीच्या माणसाला समुद्राचे वेड का असावे, हा एक प्रश्नच आहे. आमच्या वाट्याला आलेले पाणी म्हणजे मुळा नदी, आणि तिचे आजचे रूप पाहून तीत पाय बुडवावेत असे कुणाला वाटणार नाही. तरीही दिवाळी सरून थंडी पडू लागली, की ‘यंदा कोकणात कुठे?’ हा विषय खडकी बाजारातल्या कुठल्या ना कुठल्या ओट्यावर निघतोच. आमच्या घरी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे : दिवेआगर.

या ओढीचे खरे श्रेय माझ्या आईचे. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी, संकष्टीच्या दिवशी, रायगड जिल्ह्यातल्या या गावी एका वाडीत खोदकाम चालू असताना तांब्याची पेटी सापडली. आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा आणि काही दागिने! बातमी वाचल्यापासून आईने धोशा लावला, ‘‘मला त्या गणपतीला ने.’’ पुढच्या वर्षी आम्ही निघालो. पौड, मुळशी, मग ताम्हिणीचा घाट, माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन आणि दिवेआगर. खडकीहून साधारण एकशे साठ-सत्तर किलोमीटरची वाट. पण त्या वेळी रस्ता असा होता, की घाट उतरेपर्यंत निम्म्या मंडळींनी गणपतीचा धावा आधीच करून घेतला होता.

गावात हॉटेल असे नव्हतेच. कुणीतरी एका घराचा पत्ता दिला. ओटी, पडवी, माजघर आणि मागे समुद्राच्या दिशेने पसरलेली वाडी. घरच्या काकूंनी विचारले, ‘‘जेवायला किती पानं? आणि मोदक हवे असतील तर आत्ताच सांगा हो, नारळ खवायला वेळ लागतो.’’ दुपारी केळीच्या पानावर उकडीचे मोदक, वर तुपाची धार, शेवटी सोलकढी. देवदर्शनाला आलेली माझी आई त्या जेवणानंतर पडवीतच लवंडली आणि दर्शन संध्याकाळवर गेले!

दिवेआगरला काय पाहावे, असे कुणी विचारले तर मी आधी सांगतो, की वाडी पाहा. सरळसोट पोफळी, त्यांच्यावर चढलेले मिरीचे वेल, मधून माड, केळी, एखादे जायफळ. भर दुपारी आत शिरावे तर घामाचा पत्ता नाही. त्या सावलीतून चालत गेले, की सुरूचे बन आणि त्यापलीकडे जवळजवळ चार किलोमीटर लांबीचा सपाट किनारा. गावातले रूपनारायणाचे देऊळ चुकवू नये. विष्णूच्या पाषाणमूर्तीभोवती कोरलेले दशावतार मुलांना एकेक करून ओळखायला लावावेत, तास कसा जातो कळत नाही. शिवाय मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांमध्ये ज्याची गणना होते, तो शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, ताम्रपट याच गावचा. मराठी वाचणाऱ्याने एकदा तरी या गावच्या मातीला पाय लावावा, तो एवढ्यासाठी.

जवळच श्रीवर्धन. तिथली ‘रोठा’ सुपारी प्रसिद्ध. पण खडकीकराला तिथे वेगळेच काही वाटते. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ या गावचे. सिद्दीच्या जाचामुळे ते घाटावर आले आणि १७१३ मध्ये त्यांना पेशवेपद मिळाले. त्या पेशवाईचा शेवट जिथून सुरू झाला, ती ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई आमच्या खडकीची. म्हणजे सहलीला जाताना आम्ही इतिहासाचे पुस्तक शेवटच्या पानावरून पहिल्या पानाकडे चाळत जातो म्हणायचे!

पुढे हरिहरेश्वर. काळभैरवाचे आणि हरिहरेश्वराचे दर्शन घेऊन डोंगराला वळसा घालणारी प्रदक्षिणा करतात. लाटांनी कोरलेले खडक पाहण्यासारखे आहेत, पण तिथे ओहोटी असतानाच उतरावे. भरतीची वेळ गावकऱ्यांना विचारावी आणि ते ‘नको’ म्हणाले, तर ऐकावे. समुद्र पाहुण्यांचा मुलाहिजा ठेवत नाही. हाताशी दिवस असेल तर दिघीला जाऊन होडीने जंजिरा करता येतो.

हे सारे दरसालचे. पण गावाने मधल्या काळात जे सोसले, ते सहलीच्या माहितीपत्रकात नसते.

२४ मार्च २०१२ च्या पहाटे बातमी आली, की देवळावर दरोडा पडला. दोन पहारेकरी मारले गेले आणि मुखवटा गेला. चोर पकडले गेले, पण तोवर सोने वितळवलेले होते. आईने त्या दिवशी जेवण घेतले नाही. पुढच्या हिवाळ्यात आम्ही गेलो तर गाव सुनेसुने. काकू म्हणाल्या, ‘‘लोक देवासाठी यायचे. आता देवाचं सोनं नाही म्हणून येत नाहीत. देव काय, तो आहेच की!’’ मला ओशाळल्यासारखे झाले. आमचेही पहिले येणे सोन्यासाठीच नव्हते का?

दुसरा घाव ३ जून २०२० चा. निसर्ग चक्रीवादळ ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने आले आणि काही तासांत रायगडच्या किनाऱ्यावरची घरांची छपरे, सुरूची बने आणि पोफळी आडव्या झाल्या. फोन लागायला कित्येक दिवस गेले. लागला तेव्हा काका एवढेच बोलले, ‘‘घरातून समुद्र दिसतोय.’’ ते ऐकून आईने डोळे पुसले. वाडी उभी असेपर्यंत त्या घरातून समुद्र कधी दिसत नसे.

पोफळ म्हणजे भाजीचा वाफा नव्हे. नवे रोप लावले, की फळ धरायला पाच-सहा वर्षे तरी जातात, आणि तोवर शिंपणे चुकत नाही. याच काळात कुणी त्यांची मोकळी झालेली जमीन मागितली. तिथे खोल्या बांधल्या असत्या तर पैसा लगेच आला असता. मुलगाही म्हणत होता, देऊन टाकू. काकांनी चार दिवस मागितले आणि पाचव्या दिवशी रोपे आणायला गेले. ‘‘सावलीच नसेल तर पाहुणा खोलीत बसून काय करील?’’ एवढेच त्यांचे म्हणणे.

२३ नोव्हेंबर २०२१ रोजी, अंगारकीला, हस्तगत झालेल्या सोन्याचा नवा मुखवटा देवळात बसला. गर्दी परतली. गर्दीबरोबर वाळूत गाड्या घालणारे आणि बाटल्या टाकून जाणारेही परतले. आपण तिथे दोन दिवसांचे पाहुणे. जेवण आधी सांगावे, कचरा आपल्याबरोबर परत न्यावा, आणि निघताना सुपारी, आमसुले, पोह्याचे पापड त्या घरातूनच घ्यावेत. एवढे केले तरी वाडी राखणाऱ्याला हातभार लागतो.

गेल्या हिवाळ्यात आईला घेऊन गेलो. आता तिला गुडघ्यांमुळे देवळाची रांग झेपत नाही. दर्शन लांबूनच झाले. मग काकांनी तिचा हात धरून तिला वाडीत नेले. नव्या पोफळी माणसाच्या डोक्यावर गेल्या होत्या आणि त्यांतल्या एकीला पहिला घोस आला होता. काकांनी त्यातली एक सुपारी काढून आईच्या ओंजळीत ठेवली.

आईला दात नाहीत, सुपारी खाण्याचा प्रश्नच नव्हता. खडकीला आल्यावर ती तिने देव्हाऱ्यात गणपतीपुढे ठेवली. अजून तिथेच आहे.