मणी लहान, कीर्ती महान!

लग्नसराई आली की ब्लाउजच्या बाह्यांवर मोर, कमळं आणि कोयऱ्या मण्यांनी झळकू लागतात. सुई, दोरा आणि भोक पाडलेला मणी, एवढ्याच भांडवलावर माणसाने काय काय घडवलं ते वाचा आणि थक्क व्हा!

थडग्यात सापडली फॅशन
रशियात मॉस्कोच्या पूर्वेला सुंगीर नावाचं ठिकाण आहे. तिथल्या ३० हजार वर्षांहून जुन्या दफनांमध्ये मॅमथच्या हस्तिदंताचे १३ हजारांवर मणी मिळाले. कपडे केव्हाच मातीत गेले, पण मण्यांच्या रांगा देहांवर तशाच राहिल्या. त्या रांगांवरूनच कळलं की हे मणी अंगावरच्या कपड्यांना शिवलेले होते. शेती, चाक, मडकं यांच्या कितीतरी आधी माणूस नटायला शिकला होता!

बडोद्याचा मोत्यांचा गालिचा
बडोद्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांनी १८६५च्या सुमारास एक गालिचा करवून घेतला. त्यावर लोकर नव्हती, तर सुमारे १५ लाख बसराई मोती टाचलेले होते आणि जोडीला हिरे, माणकं, पाचू, नीलम. मदिनेला अर्पण करण्याचा महाराजांचा मानस होता असं सांगतात, पण १८७० मध्ये त्यांचं निधन झालं आणि गालिचा बडोद्यातच राहिला. २००९ मध्ये दोहा इथल्या लिलावात त्याला सुमारे ५५ लाख डॉलर मिळाले.

नंबर मोठा, मणी बारीक
दुकानात ‘१५ नंबर’ मागितलात तर ‘११ नंबर’पेक्षा बारीक काचमणी हातात पडतील. ११ नंबरचा मणी साधारण २ मिलिमीटरचा असतो, १५ नंबरचा साधारण दीड. मणी ओवायच्या सुईचंही तेच: नंबर वाढला की सुई बारीक झाली.

सरळ आरी, उलटी आरी
कच्छचे मोची कारागीर चामड्यावर आणि कापडावर आरीने साखळी टाका घालत. आरी म्हणजे टोकाला आकडी असलेली सुई. आपल्याकडचा कारागीर ताणलेल्या कापडाच्या सुलट बाजूनेच मणी बसवतो. फ्रान्समधल्या ल्युनेव्हिलची तऱ्हा मात्र वेगळी. तिथे मणी आधीच दोऱ्यात ओवून कापडाखाली धरतात आणि आकडीने उलट बाजूवर टाके घालत जातात. मणी खालच्या बाजूला बसत जातात, म्हणजे काम चालू असताना कारागिराला नक्षीचा दर्शनी भाग दिसतच नाही!

राणीच्या पोशाखाचे मोती
१९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं, तेव्हा ब्रिटनमध्ये कापडावर रेशनिंग होतं. तरी नॉर्मन हार्टनेलने शिवलेल्या तिच्या पोशाखावर १० हजार बारीक मोती झळकले. ते खास अमेरिकेहून मागवले होते.

राजाच्या चेहऱ्यावर मण्यांचा पडदा
नायजेरियातल्या योरुबा राजांचा उंच, शंकूसारखा मुकुट नखशिखांत मण्यांनी मढवलेला असतो. वर मण्यांचेच पक्षी आणि पुढे नवरदेवाच्या मुंडावळ्या आठवाव्यात अशा सरी. त्या सरींनी राजाचा चेहरा झाकला जातो, कारण मुकुट घातलेला राजा ही नुसती व्यक्ती उरत नाही, तिच्यात पूर्वजांची शक्ती येते अशी श्रद्धा आहे.

विरघळणाऱ्या टिकल्या
मण्यांची सख्खी बहीण म्हणजे टिकली. १९३०च्या दशकात टिकल्या जिलेटिनच्याही बनत. हलक्या आणि चमकदार, पण पाणी लागलं की विरघळायच्या, उष्णतेने वितळायच्या. नंतर प्लॅस्टिक आलं आणि पार्टीतल्या पाहुण्यांना पावसाची भीती उरली नाही.

तोरण मुंबईचं, पाहुणे पॅरिसचे
३० मार्च २०२३ रोजी पॅरिसच्या ‘दिओर’ने गेटवे ऑफ इंडियासमोर फॅशन शो केला. तिथलं भरतकामाचं भव्य तोरण घडवलं ते मुंबईतल्याच ‘चाणक्य’ या भरतकाम करणाऱ्या संस्थेच्या कारागिरांनी. परदेशी नावाच्या अनेक भारी पोशाखांवरचं भरतकाम मुंबईच्या कारखान्यांत होतं, हे त्या दिवशी जगाने उघड पाहिलं.

घरी करून बघायचंय?
उलटी टीप शिका. तीन मणी ओवा, कापडावर टेकवा, सुई खाली घाला. मग मागून वर येऊन शेवटच्या मण्यातून दोरा पुन्हा ओढून घ्या. ओळ सरळ बसते आणि मणी हलत नाहीत. दोऱ्याला मेण लावलं तर तो गुंतत नाही.

आणि जपायचं कसं?
मण्यांचा जड पोशाख हँगरला टांगू नका, आडवा घडी करून मऊ सुती कापडात ठेवा. १९२०च्या दशकातले मणीदार ड्रेस संग्रहालयंही आडवेच ठेवतात, कारण मण्यांच्या वजनाने तलम रेशीम फाटतं.

पुढच्या वेळी मणीकामाचा ब्लाउज घ्याल, तेव्हा तो उलटून नक्की बघा. मागचे टाके घट्ट आणि गाठी पक्क्या असतील, तर ते काम वर्षानुवर्षं टिकेल. असं काम करणाऱ्या हातांशी मजुरीची घासाघीस करू नका. ते मागतात त्यातला प्रत्येक रुपया त्यांच्या कष्टाचा आहे.