घोरपडीचें खुंटलेलें पिलूं : कारणें, निगा आणि शेतकऱ्याचें कर्तव्य

घोरपड हा प्राणी महाराष्ट्रांतील शेतकऱ्यास अपरिचित नाहीं. सिंहगडाच्या चढाईंतील यशवंतीची आख्यायिका आपण सर्वांनीं लहानपणींच ऐकलेली असते. बांधावरच्या वारुळांत, विहिरीच्या दगडी कामांत किंवा जुन्या आंब्याच्या ढोलींत राहणारी घोरपडही बहुतेकांनीं पाहिलेली असते. परंतु तिच्या पिलाची वाढ कशी होते, आणि धरून ठेवलेलें पिलूं महिनोन्‌महिने आहे तेवढेंच कां राहतें, याविषयीं सुशिक्षित कास्तकारांतही पुष्कळ गैरसमज आढळतात. नांगरटींत किंवा दगडी बांध उकलतांना पिलूं सांपडतें. मुलें हौसेनें तें खोक्यांत ठेवतात. दूधभात, मटणाचे तुकडे असें कांहींतरी त्याच्यापुढें टाकतात. आणि तें वाढत नाहीं असें दिसून आलें म्हणजे खाद्य आणखी वाढवितात. हा उपाय मुळांतच चुकीचा कसा आहे, हें दाखविण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

प्रथमच एक गोष्ट सांगून ठेवणें जरूर आहे. आपल्या देशांतील घोरपड घरीं बाळगणें हा गुन्हा आहे. त्याचा तपशील पुढें दिला आहे. तेव्हां खालील माहिती पाळण्याची कृति म्हणून नव्हे, तर या प्राण्याची गरज काय आहे आणि ती घरच्या खोक्यांत कां भागत नाहीं, हें समजावें म्हणून वाचावी. प्राणिसंग्रहालयांत घोरपडी कायदेशीरपणें ठेवल्या जातात, आणि अमेरिका व युरोप येथें आफ्रिकेंतील व ऑस्ट्रेलियांतील जातींच्या घोरपडी बरींच वर्षें पाळल्या जात आहेत. त्या अनुभवावरून वाढ खुंटण्याचीं कारणें आतां पुष्कळशीं निश्चित झालीं आहेत.

निसर्गांतील वाढ

आपल्याकडील साधी घोरपड पावसाळ्याच्या सुमारास जमिनींतील भोकांत किंवा वारुळांत अंडीं घालते. एका खेपेस वीसच्या आसपास अंडीं असतात व तीं फुटण्यास सुमारें साडेपांच ते साडेआठ महिने लागतात. बाहेर पडलेलें पिलूं वीतभर लांबीचें असून त्याच्या अंगावर पिवळसर ठिपके व आडवे पट्टे ठळक दिसतात. उत्तर भारतांत यासच निराळा विषारी प्राणी समजून 'बिसखोपरा' म्हणतात व दिसतांच मारतात. ती समजूत निराधार आहे. पूर्ण वाढलेली घोरपड शेपटीसह १ ते १॥ मीटर भरते व क्वचित् पावणेदोन मीटरपर्यंतही जाते. ही वाढ वर्षाच्या बाराही महिने सारखी होत नाहीं. हिंवाळ्यांत घोरपड बिळांत पडून राहते, फारसें खात नाहीं, आणि वाढही जवळजवळ थांबते. म्हणून थंडीच्या दोन महिन्यांत वजन वाढलें नाहीं एवढ्यावरून प्राणी आजारी ठरत नाहीं. उन्हाळ्यांत व पावसाळ्यांतही जर तें वाढलें नाहीं, तर मात्र पुढील कारणें क्रमानें तपासलीं पाहिजेत.

१. उष्णतेची उणीव

गाय, म्हैस किंवा कोंबडी आपल्या शरीरांत उष्णता उत्पन्न करते. घोरपडीस ती बाहेरून घ्यावी लागते. सकाळीं ती तापलेल्या दगडावर पोट टेकून बसते, अंग सुमारें ३५ अंश सेल्सियसपर्यंत ऊन करून घेते, आणि मगच शिकारीस निघते. अन्नाचें पचनही याच उष्णतेवर अवलंबून आहे. अंग थंड असतां पोटांत गेलेलें मांस पचत नाहीं. तें कुजतें, आणि प्राणी ओकून टाकतो. कडाक्याच्या थंडींत लावलेल्या उसाचे डोळे जसे नुसत्या खतानें फुटत नाहींत, तसेंच येथें समजावें. अन्न भरपूर असूनही वाढ न होण्याचें सर्वांत सामान्य कारण हेंच होय.

जाणकार पालक पिंजऱ्याच्या एका टोंकास दिव्यानें तापणारी दगडाची किंवा फळीची जागा ठेवतात. तिचा पृष्ठभाग ५० अंश किंवा थोडा अधिकही तापतो. दुसरें टोंक २५ ते २८ अंशांवर राहतें. प्राण्यानें हवें तेव्हां तापावें व हवें तेव्हां निवावें, हें यांतील मर्म आहे. सगळेंच खोकें तापवलें तर प्राणी मरतो, आणि सगळेंच थंड ठेवलें तर तो खुंटतो. पत्र्याचा डबा उन्हांत ठेवणें ही तर निव्वळ हत्या होय.

उन्हाचा दुसराही एक उपयोग आहे. सूर्यप्रकाशांतील अतिनील किरणांनीं कातडींत ड जीवनसत्त्व तयार होतें, व त्यावांचून कॅल्शियम हाडांत बसत नाहीं. हे किरण साध्या कांचेंतून आंत येत नाहींत. म्हणून कांचेच्या पेटींतून खिडकीचें ऊन दिल्यानें हें काम होत नाहीं.

२. ओलावा आणि बीळ

घोरपड कोरड्या माळावर दिसते, त्यावरून तिला कोरडेपणा मानवतो असा समज होतो. वस्तुतः दिवसाचा बराच काळ ती बिळांत असते, आणि बिळांतील हवा बाहेरच्या हवेहून पुष्कळ दमट असते. कोरड्या खोक्यांत वर दिवा व खालीं वर्तमानपत्र अशा स्थितींत तिच्या शरीरांतील पाणी श्वासावाटे निघून जातें. अशा प्राण्याची भूक मंदावते, कात तुकड्यातुकड्यांनीं निघते, आणि बोटांवर राहिलेलें कातीचें कडें आवळून बोटाचें टोंकही झडतें. मूत्रपिंडावर ताण पडून सांध्यांत क्षार सांचतात. हा रोग एकदां जडला म्हणजे सहसा बरा होत नाहीं.

ओळखण्याची सोपी खूण विष्ठेंत आहे. विष्ठेबरोबर जो पांढरा भाग पडतो तें घोरपडीचें मूत्र होय. तो मऊ व पांढरा असावा. पिवळा, घट्ट किंवा खडूसारखा असल्यास पाणी कमी पडत आहे असें जाणावें. परदेशांतील चांगले पालक पिंजऱ्यांत अर्धा मीटर किंवा अधिक खोल ओलसर माती भरतात व प्राण्यास स्वतः बीळ खणूं देतात. माती मुठींत दाबल्यास गोळा व्हावा, पण पाणी गळूं नये. आपण ज्यास वाफसा म्हणतों तीच ही स्थिति.

३. खाद्याचा दोष

येथें बहुतेकांचा हिशेब चुकतो. हाडांवेगळ्या मांसांत फॉस्फरस पुष्कळ व कॅल्शियम अगदीं थोडें असतें. अशा मांसावर ठेवलेल्या पिलाचें शरीर कॅल्शियमसाठीं स्वतःचींच हाडें झिजवितें. प्रथम वाढ थांबते. मग जबडा मऊ पडतो, पाय वांकतात, बोटें थरथरतात, आणि शेवटीं चालतां चालतां हाड मोडतें. पांढऱ्या कवचाऐवजीं कातडी अंडें घालणाऱ्या कोंबडीस आपण शिंपल्याचा चुरा देतों, त्याचें कारण हेंच आहे.

घोरपडीच्या पिलाचें खरें अन्न मांसाचे तुकडे नव्हे. वॉल्टर ऑफेनबर्ग या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानें आपल्या घोरपडीवर १९९४ सालीं मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तिच्या आहारांत भुंगेरे व त्यांच्या अळ्या यांचा वाटा फार मोठा असल्याचें त्याच्या अभ्यासांत आढळून आलें. याशिवाय नाकतोडे, विंचू, गोगलगाई, खेकडे, बेडूक, उंदीर, पक्ष्यांचीं अंडीं व मेलेलीं जनावरेंही ती खाते. आफ्रिकेंतील घाना देशांत डॅनिएल बेनेट यांनीं तेथील माळघोरपडीच्या पिलांचें निरीक्षण केलें, तेव्हां तींही मुख्यतः रातकिड्यांवर जगतात असें दिसलें. पिंजऱ्यांत त्याच जातीस नुसते उंदीर भरविल्यास ती वाढण्याऐवजीं चरबीनें फुगते व अल्पायुषी होते. म्हणून खाद्य अखंड असावें: सबंध किडा, सबंध गोगलगाय, हाडांसह सबंध लहान उंदीर. पाळीव किड्यांतही कॅल्शियम कमी असतें, यास्तव त्यांना आधीं चांगलें खाऊं घालून वर कॅल्शियमची भुकटी लावण्याची पद्धत आहे. लहान पिलास जवळजवळ रोज व मोठ्यास अंतरानें खाद्य देतात.

दूध व भात हें घोरपडीचें अन्न नव्हे. तिचें पोट त्यासाठीं बनलेलें नाहीं. कच्च्या अंड्याचा पांढरा बलकही नेहमीं दिल्यास एका जीवनसत्त्वाचा नाश करतो.

४. जंत, गोचीड आणि धास्ती

रानांतून आणलेल्या घोरपडीच्या पोटांत जंत व काखेंत गोचीड बहुधा असतातच. मोकळ्या प्राण्यास त्यांचा फारसा उपद्रव होत नाहीं. कोंडलेल्या व घाबरलेल्या प्राण्यांत ते बळावतात. खाऊनही अंग धरीत नाहीं अशा वासराची जी परीक्षा, तीच येथें करावी लागते: ताजी विष्ठा पशुवैद्याकडून तपासून घेणें. गुरांचें जंताचें औषध अंदाजानें पाजणें अत्यंत धोक्याचें आहे. तसेंच, वारंवार हाताळलेलें किंवा लपावयास जागा नसलेलें पिलूं खाणेंच सोडतें. आणि दोन पिलें एकत्र ठेवल्यास दांडगें तें खातें व दुबळें तें खुंटतें.

नोंदीचें महत्त्व

महसूल खात्यांत आयुष्य गेल्यामुळें नोंदीवांचून मला चैन पडत नाहीं, हें वाचक समजून घेतील. परंतु प्राणिसंग्रहालयांतही हाच नियम आहे. आठवड्यांतून एकदां वजन, महिन्यांतून एकदां नाकाच्या टोंकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी, आणि रोजचें खाद्य, विष्ठा व उष्णमान हीं लिहून ठेवलीं म्हणजे दोष कोठें आहे तें कळतें. शेपटीसह लांबी मोजूं नये, कारण शेपटी तुटलेली असल्यास हिशेब फसतो. प्राणी खात असून ओकतो, तर उष्णता पाहावी. खात नाहीं व मूत्र पिवळें आहे, तर पाणी पाहावें. खातो पण पाय वांकतात, तर कॅल्शियम व सूर्यप्रकाश पाहावा. आणि हें सर्व ठीक असून वजन घटतें, तर जंत पाहावे. आधीं उष्णता, मग ओलावा, मग खाद्याची जात, आणि सर्वांत शेवटीं खाद्याचें प्रमाण, हा तपासणीचा क्रम होय.

एक उदाहरण

आमच्या तालुक्यांतील एका बागाइतदाराच्या नातवानें असेंच एक पिलूं चार महिने लांकडी खोक्यांत ठेवलें होतें. मुलगा निष्ठुर नव्हता. रोज आपल्या ताटांतलें मटण तो त्यास देत असे. मीं पाहिलें तेव्हां पिलाची लांबी वीतभरच होती, मागचे दोन्ही पाय बाहेर वळलेले होते, आणि त्याला अंग उचलतां येत नव्हतें. आजोबांनीं त्याच दिवशीं वनखात्यास कळविलें व वनरक्षक पिलूं घेऊन गेले. परंतु तें आठवडाभरांत मेलें. 'मीं त्याला उपाशी ठेवलें नाहीं,' असें मुलगा पुनःपुन्हां सांगत होता, आणि तें खरेंच होतें.

कायदा काय म्हणतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचींत आपली घोरपड समाविष्ट आहे. त्या कायद्यांत शिकार या शब्दांत प्राण्यास पकडणें हेंही येतें, व कलम ९ अन्वयें त्यास मनाई आहे. २०२२ सालच्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचींतील प्राण्याच्या बाबतींत कलम ५१ अन्वयें ३ वर्षांहून कमी नाहीं व ७ वर्षांपर्यंत कारावास, आणि २५,००० रुपयांहून कमी नाहीं इतका दंड होऊं शकतो. कलम ३९ प्रमाणें असा प्राणी शासनाची मालमत्ता आहे. तो कोणत्याही कारणानें हातीं आल्यास ४८ तासांच्या आंत नजीकच्या पोलीस ठाण्यास किंवा अधिकृत अधिकाऱ्यास कळविणें बंधनकारक आहे. 'प्रेमानें सांभाळलें' हा बचाव नव्हे. कातडें, मांस, तेल, तसेंच 'हत्ताजोडी' या नांवानें वनस्पतीचें मूळ म्हणून विकलें जाणारें घोरपडीचें इंद्रिय, या सर्वांचा व्यवहारही गुन्हाच आहे. परदेशी जाती बाळगणारांसही २०२४ सालच्या नियमांप्रमाणें नोंदणी करावी लागते.

शेतकऱ्यानें काय करावें

वर सांगितलेल्या गोष्टी, म्हणजे तापणारा दगड, दमट बीळ, मोकळें ऊन आणि नाना प्रकारचे किडे, आपल्या बांधावर फुकट मिळतात. घोरपडीच्या वाढीस याहून चांगली व्यवस्था कोणत्याही खोक्यांत होत नाहीं. शिवाय ती तेथें राहिल्यानें लाभ आपलाच आहे. ज्या हुमणीनें ऊस व भुईमूग यांचें नुकसान होतें, ती भुंगेऱ्याचीच अळी होय. आणि भुंगेरे, अळ्या व उंदीर हें घोरपडीचें रोजचें खाणें आहे. कोंबड्यांचीं अंडीं ती पळविते ही तक्रार खरी आहे, परंतु खुराडें रात्रंदिवस बंदिस्त ठेवल्यानें व अंडीं वेळच्या वेळीं उचलल्यानें तिचा बंदोबस्त होतो.

धडधाकट पिलूं दिसल्यास त्यास हात न लावतां जाऊं द्यावें. जखमी सांपडल्यास किंवा घरांतल्या कोणीं आधींच धरून ठेवलें असल्यास, महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या दूरध्वनि क्रमांकावर कळवावें. वनरक्षक येईपर्यंत हवा खेळती राहील अशा खोक्यांत, वर कापड झांकून, सावलींत ठेवावें. बळेंच कांहीं भरवूं अगर पाजूं नये. बांध उकलण्याचीं कामें आपण बहुधा उन्हाळ्यांत काढतों, आणि पावसाळ्यांत घातलेलीं अंडीं फुटण्याची वेळही बरीचशी त्याच सुमारास येते. तेव्हां वारूळ किंवा जुना दगडी बांध फोडण्यापूर्वीं गड्यास व मुलांस ही सूचना द्यावी, आणि शक्य असेल तेथें एखादें वारूळ तसेंच राखून ठेवावें.