लघु अॅम्प मॉडेलरमधील स्वच्छ व विरूपित गिटारस्वर : एक शास्त्रीय विवेचन

बीजसंज्ञा : विद्युत गिटार, अॅम्प मॉडेलर, विरूपण, उपस्वर, ध्वनिपातळी.

प्रस्तावना :

विद्युत गिटारच्या तारांचे कंपन पिकअप टिपतो आणि त्याचे क्षीण विद्युतसंकेतात रूपांतर करतो. हा संकेत ऐकू येण्याजोगा करणारा अॅम्प्लिफायर हा वस्तुतः त्या वाद्याचाच अर्धा भाग मानावा लागतो. कारण स्वराचा पोत बऱ्याच अंशी तेथेच ठरतो. मोठा, जड व महाग अॅम्प्लिफायर प्रत्येकाला परवडत नाही. या अडचणीवर उपाय म्हणून १९९८ साली अमेरिकेतील लाइन ६ या कंपनीने ‘पॉड’ हे छोटे उपकरण बाजारात आणले. घेवड्याच्या बीसारख्या आकाराच्या त्या लाल पेटीत अनेक नामांकित अॅम्प्लिफायरांची अंकीय प्रतिरूपे होती. पुढे २०११ मध्ये केम्पर या जर्मन कंपनीने प्रत्यक्ष अॅम्प्लिफायरचे मोजमाप घेऊन प्रतिरूप तयार करण्याची पद्धत रूढ केली. आता न्यूरल नेटवर्कच्या साहाय्यानेही हे काम होते.

प्रतिरूपे वाढली तरी वादकाची एक तक्रार कायम आहे : घरी हेडफोनवर उत्तम वाटलेला स्वर सभागृहात कर्कश किंवा मिळमिळीत का होतो? या तक्रारीचे मूळ पुष्कळदा उपकरणापेक्षा संकेताच्या पातळीत व टप्प्यांच्या क्रमात असते. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचे विवेचन केले आहे.

स्वच्छ व विरूपित स्वर म्हणजे काय? :

अॅम्प्लिफायरचा कोणताही टप्पा एका मर्यादेपर्यंतच संकेत यथातथ्य वाढवू शकतो. संकेत त्या मर्यादेच्या आत राहिला तर स्वर स्वच्छ राहतो. मर्यादा ओलांडल्यास तरंगाचे माथे छाटले जातात व मुळात नसलेले उपस्वर निर्माण होतात. छाटणी दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर विषम क्रमांकाचे उपस्वर वाढतात. असमान असेल तर सम क्रमांकाचेही मिसळतात. उपस्वरांच्या समृद्धीला आपल्याकडेही मोल आहे. तंबोऱ्याची जवारी त्यासाठीच काढली जाते. तेथे ती समृद्धी तार व घोडी यांच्या स्पर्शातून येते, येथे विद्युतमंडलातून.

दोन स्वर एकत्र छाटले गेले की त्यांच्या बेरजेचे व वजाबाकीचे स्वरही उमटतात. ११० व १६५ हर्ट्झ या षड्ज-पंचमाच्या जोडीतून ५५ व २७५ हर्ट्झ मिळतात. हे सर्व आकडे ५५ च्या पटीत असल्याने नाद भरदार लागतो. रॉक संगीतातील ‘पॉवर कॉर्ड’मध्ये गांधार का वगळतात, याचे उत्तर येथे सापडते. गिटारच्या समविभाजित स्वरव्यवस्थेत ११० हर्ट्झच्या षड्जाचा गांधार १३८.६ हर्ट्झवर येतो, वजाबाकी २८.६ हर्ट्झ होते व ती कशातच नीट बसत नाही. परिणामी विरूपणाखाली पूर्ण कॉर्ड गढूळ वाटते. अशा वेळी नवे प्रतिरूप शोधण्यापेक्षा कमी तारा वाजवणे श्रेयस्कर ठरते.

संकेताचा प्रवास :

मॉडेलरमध्ये संकेत साधारणतः पुढील क्रमाने जातो : प्रवेश, पूर्ववर्धक, बास-मिड-ट्रेबल नियंत्रणे, शक्तिवर्धक, स्पीकरची पेटी व मायक्रोफोन यांचे प्रतिरूप, आणि शेवटी प्रतिध्वनीसारखे परिणाम. बहुतेक उपकरणांत ‘ड्राइव्ह’ किंवा ‘गेन’ हे बटण छाटणीपूर्वीची पातळी ठरवते, तर ‘चॅनल व्हॉल्यूम’ छाटणीनंतरची. या दोहोंतील भेद ध्यानात न घेता स्वर मोठा करण्यासाठी गेन वाढवला, तर मोठेपणा फारसा वाढत नाही. छाटणी व खरखर मात्र वाढते.

स्वच्छ स्वराची मांडणी :

स्वच्छ स्वरासाठी फेंडर ट्विन रिव्हर्बसारखे, पातळीला भरपूर वाव देणारे प्रतिरूप निवडावे. मूळ ट्विन सुमारे ८५ वॅट शक्तीचा व १२ इंची दोन स्पीकरांचा असल्याने मोठ्या आवाजातही बराच काळ स्वच्छ राहतो. गेन कमी ठेवून सर्वांत जोरदार आघात करावा. आघाताच्या क्षणी चरचर ऐकू आल्यास गेन आणखी उतरवावा. उरलेला मोठेपणा चॅनल व्हॉल्यूमने भरून काढावा. अत्यल्प कॉम्प्रेशन दिल्यास आघात व अनुरणन यांतील तफावत कमी होते. पिकअपची तार मिक्सरच्या साध्या लाइन-प्रवेशाला थेट जोडू नये. निष्क्रिय पिकअपला सुमारे १ मेगाओहम प्रवेशरोध लागतो. तो न मिळाल्यास वरच्या पट्टीतील तेज हरपते.

विरूपित स्वराची मांडणी :

येथे पहिला नियम असा की, खर्ज छाटणीपूर्वी कमी करावा. जाड तारांची ऊर्जा अधिक असल्याने ती आधी छाटली जाते व बाकीचे स्वर झाकते. इबानेझच्या ट्यूब स्क्रीमर या पेडलमध्ये सुमारे ७२० हर्ट्झखालील भाग छाटणीपूर्वी कमी वाढवला जातो, तो याचसाठी. भरदारपणा हवा असल्यास खर्ज छाटणीनंतर वाढवावा. दुसरा नियम असा की, ‘मिड’ पूर्ण उतरवू नये. एकट्याने वाजवताना मिड कमी केलेला स्वर भव्य वाटतो. ड्रम व बास गिटार सोबत आल्यावर तोच स्वर हरवतो. तिसरे म्हणजे, पुरेसा वाटणारा गेन थोडा उतरवून पाहावा. गिटारवरील व्हॉल्यूम कमी करून त्याच मांडणीतून जवळजवळ स्वच्छ स्वरही मिळतो. वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची घरघर गेनबरोबरच वाढते. नॉइज गेट ती विरामात दडवते, नाहीशी करत नाही.

घर आणि सभागृह :

गिटारचा १२ इंची स्पीकर सुमारे ५ किलोहर्ट्झच्या वर फारसे काही ऐकवत नाही. छाटणीतून निर्माण झालेले तीक्ष्ण उपस्वर तोच गाळतो. म्हणून सभागृहाच्या ध्वनिव्यवस्थेला मॉडेलर जोडताना पेटीचे प्रतिरूप चालू असावे, अन्यथा माशा घोंगावल्यासारखा कर्कश आवाज येतो. उलट, गिटारच्याच अॅम्प्लिफायरला जोडताना ते बंद ठेवावे. नाहीतर स्वर दोनदा गाळला जाऊन बोदा होतो.

दुसरे कारण कानाशी संबंधित आहे. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवल्याप्रमाणे, मंद आवाजात कानाला खर्ज व तार पट्टी कमी जाणवते. घरी हळू आवाजात बास-ट्रेबल वाढवून केलेली मांडणी सभागृहात म्हणूनच बोचते. अंतिम मांडणी वादनाच्या प्रत्यक्ष पातळीवरच तपासली पाहिजे. तसेच विरूपित स्वराची सरासरी पातळी त्याच्या शिखरांच्या अगदी निकट असते. मापकावर समान शिखरे दाखवणारा स्वच्छ स्वर त्यामुळे कानाला लहान वाटतो. दोन्ही मांडण्यांचा मोठेपणा मापकाने नव्हे, तर कानाने जुळवावा.

निष्कर्ष :

स्वच्छ व विरूपित स्वर एकाच व्यवस्थेच्या दोन अवस्था असून कोणती अवस्था लाभेल हे प्रत्येक टप्प्यावरील पातळी ठरवते. ही दृष्टी आल्यास साधे, स्वस्त मॉडेलरही समाधानकारक स्वर देऊ शकते. ती नसल्यास महाग उपकरणही निराशाच करते. युवक महोत्सवात पाश्चात्त्य वाद्यवादन सादर करणाऱ्या विद्यार्थ्याला रंगमंचावर जुळवाजुळवीसाठी मोजकीच मिनिटे मिळतात. तेथे उपयोगी पडते ते हेच ज्ञान. तरंग, उपस्वर व विस्पंद हे पदार्थविज्ञानाचे घटक शिकवतानाही हे छोटे उपकरण वर्गात ऐकता येण्याजोगे उदाहरण ठरू शकेल.