विडंबन की वंदन? – ‘मर्द को दर्द नहीं होता’ या चित्रपटाच्या निमित्ताने

रायपूर येथे अभ्यागत प्राध्यापक म्हणून तौलनिक साहित्याचे वर्ग घेत असताना ‘विडंबन’ या विषयाच्या अनुषंगाने विद्यार्थ्यांना एक चित्रपट दाखविण्याचा योग आला. वासन बाला यांनी दिग्दर्शित केलेला ‘मर्द को दर्द नहीं होता’ हा तो चित्रपट. २०१८ साली टोरांटोच्या महोत्सवात मध्यरात्रीच्या विभागात त्यास प्रेक्षकांचा पुरस्कार मिळाला आणि मार्च २०१९ मध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. हाँगकाँगच्या जुन्या कुंगफूपटांना वाहिलेली ही एक विनोदी आदरांजली आहे. एका पायाने अधू असलेला कराटेपटू एकटाच शंभर जणांशी लढतो, हा प्रसंग पडद्यावर येताच वर्गात हशा पिकला. पुढे चर्चेच्या वेळी एका विद्यार्थ्याने विचारले, “आपण नेमके कोणाला हसलो? त्या अधू माणसाला, तसल्या चित्रपटांना, की लहानपणी ते सारे खरे मानणाऱ्या स्वतःला?” प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर तासाभरात देण्याजोगे नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचा एक प्रयत्न होय.

भरतमुनींनी हास्यरसाची उत्पत्ती सांगताना शृंगाराच्या अनुकृतीचा निर्देश केला आहे. अभिनवगुप्तांनी हा विचार पुढे नेला आणि केवळ शृंगाराचाच नव्हे, तर कोणत्याही रसाचा आभास हास्यास कारण होतो, असे प्रतिपादन केले. या दृष्टीने पाहता वीररसाचे सोंग उघडे पडले की हसू येणे स्वाभाविक आहे. विडंबनाची बहुतेक सारी मीमांसा येथेच थांबते. तथापि मराठी वाचकाला एवढ्यावर समाधान मानता येत नाही. ‘झेंडूची फुले’ लिहिणाऱ्या अत्र्यांनी गडकऱ्यांना गुरुस्थानी मानले होते आणि त्याच संग्रहात गडकऱ्यांच्या काव्यशैलीचीही गंमत केली होती, हे आपल्याला ठाऊक आहे. थट्टा आणि भक्ती एकाच मनात सुखाने नांदू शकतात. प्रश्न एवढाच उरतो, की कोणती थट्टा भक्तीपर्यंत पोहोचते आणि कोणती अर्ध्या वाटेवर विरून जाते.

त्यासाठी ज्या परंपरेची ही थट्टा आहे, तिचे स्वरूप प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. चांग चे यांच्या १९६७ सालच्या ‘वन आर्म्ड स्वोर्ड्‌समन’ या चित्रपटात नायकाचा उजवा हात गुरुकन्येच्या तलवारीने तुटतो. अर्धवट जळालेल्या एका पोथीच्या आधारे तो डाव्या हाताने तलवार चालविण्यास शिकतो आणि अखेरीस त्याच गुरूच्या रक्षणास धावून जातो. १९७८ सालच्या ‘थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’मध्ये मठातील एकामागून एक दालने हीच कथा होऊन बसतात, प्रत्येक दालनात शरीराची नवी परीक्षा. ब्रूस ली यांचा ‘एंटर द ड्रॅगन’ १९७३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या काही आठवड्यांत प्रदर्शित झाला आणि ही परंपरा जगभर गेली. गुरू, साधना, अपमान आणि प्रतिकार हे तिचे चार खांब. परंतु त्या चौघांच्या बुडाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे वेदना. जो सोसतो तो सामर्थ्यवान होतो, हा या चित्रपटांचा खरा सिद्धांत आहे.

या परंपरेत विनोद बाहेरून आलेला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. जॅकी चॅन आणि समो हंग यांचे बालपण चिनी संगीत-नाट्याच्या कठोर तालमीत गेले होते आणि त्या रंगभूमीवर कसरत व विदूषकी यांच्यामध्ये भिंत नव्हती. १९७८ सालच्या ‘ड्रंकन मास्टर’मधील गुरू हा दारूत बुडालेला म्हातारा आहे, तो हसवतो आणि शिकवतोही. पुढच्या दशकात जॅकी चॅन आपल्या चित्रपटांच्या शेवटी फसलेल्या उड्यांची दृश्ये जोडू लागले. नायक जिंकल्यावर नट कसा आपटला, हे पाहून प्रेक्षक हसत, पण त्या हसण्यात एक चरका असे.

स्टीफन चाउ यांचा २००४ सालचा ‘कुंगफू हसल’ हा याच हसण्याचा वारसदार होय. त्यातील नायक लहानपणी एका भिकाऱ्याकडून कुंगफूची पुस्तिका विकत घेण्यासाठी आपली सारी पुंजी देतो, तिच्यावर विश्वास ठेवून एका मुलीच्या रक्षणास जातो आणि बेदम मार खातो. प्रेक्षक मनापासून हसतो. चित्रपटाच्या अखेरीस त्याच पुस्तिकेतील विद्या खरी ठरते. शिवाय चाउ यांनी चाळीच्या मालक-मालकिणीच्या भूमिका युएन वा आणि युएन च्यू या जुन्या कलावंतांना दिल्या. यांपैकी युएन वा यांनी एके काळी ब्रूस लींच्या जागी कसरतीची दृश्ये केली होती. ज्यांचे चेहरे कधी कोणी नीट पाहिले नव्हते, त्यांना चाउ यांनी प्रकाशात आणले. आदरांजली या शब्दाचा इतका प्रत्यक्ष अर्थ क्वचितच पाहावयास मिळतो.

आता वासन बाला यांच्या चित्रपटाकडे वळू. त्याचे शीर्षक मनमोहन देसाई यांच्या १९८५ सालच्या ‘मर्द’मधील एका गाजलेल्या संवादावरून घेतले आहे. मूळ वाक्यात लक्षणा आहे: खरा पुरुष दुःखाला भीक घालीत नाही, एवढेच त्याचे तात्पर्य. बाला यांनी ते वाक्य अभिधेने घेतले. त्यांच्या नायकाला, सूर्याला, जन्मतःच शारीरिक वेदना जाणवत नाही. लक्षणेने बोललेले अभिधेने ऐकणे ही विनोदाची फार जुनी युक्ती आहे. परंतु येथे ती केवळ युक्ती राहत नाही. एका अवघ्या चित्रपटपरंपरेच्या आणि आपल्या पौरुषाविषयीच्या समजुतीच्या बढाईची ती परीक्षा ठरते.

कारण ही व्याधी कल्पित नाही. २००६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात उत्तर पाकिस्तानातील काही कुटुंबांविषयीचे संशोधन प्रसिद्ध झाले. एका विशिष्ट जनुकातील दोषामुळे या कुटुंबांतील काही जणांना वेदना मुळीच जाणवत नव्हती. संशोधनाला कारण झालेला मुलगा रस्त्यावर खेळ करीत असे. हातात सुऱ्या खुपसून घेई, जळत्या निखाऱ्यांवरून चाले. वयाची चौदा वर्षे पूर्ण होण्याआधीच घराच्या छपरावरून उडी मारल्याने त्याचा अंत झाला. ज्याला दुखत नाही तो अजिंक्य नसतो. आपण कोठे मोडलो हेच त्याला कळत नाही. चित्रपटातील सूर्याला म्हणूनच सतत पाणी प्यावे लागते, डोळ्यांवर गॉगल बाळगावा लागतो आणि मार बसल्यावर ओरडावे कसे, हेही शिकावे लागते. ते शिकविणारे आहेत त्याचे आजोबा. ही भूमिका महेश मांजरेकर यांनी केली असून त्या पात्राला ‘आजोबा’ याखेरीज दुसरे नाव नाही. मुंबईच्या या हिंदी चित्रपटात गुरूच्या आसनावर एक मराठी संबोधन येऊन बसावे, ही गोष्ट मराठी प्रेक्षकाला सुखावणारी आहे.

परंतु युद्धकलेचा सूर्याचा गुरू आजोबा नव्हेत. ती विद्या तो व्हिडिओ कॅसेटवरील चित्रपट पाहून शिकतो आणि कराटे मणी या अधू योद्ध्याची शंभर जणांशी झालेल्या लढतीची चित्रफीत हे त्याचे दैवत असते. येथे एकलव्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. द्रोणांच्या मातीच्या पुतळ्याच्या जागी आता फीत आहे, इतकाच फरक. १९८० नंतरच्या दशकात व्हिडिओ कॅसेटने हाँगकाँगचे हे चित्रपट आपल्या घरांत आणि गावोगावच्या व्हिडिओगृहांत आणून सोडले. ते पाहून वाढलेली आपली एक पिढी याच अर्थाने एकलव्यांची पिढी होती: गुरूंनी न पाहिलेले, गुरूंना ठाऊकही नसलेले शिष्य. बाला यांचा चित्रपट ही त्या पिढीने दिलेली गुरुदक्षिणा होय. एकलव्याने अंगठा दिला. या शिष्याने आपल्या भाबडेपणाची कबुली दिली. मणी आणि त्याचा दुष्ट जुळा भाऊ जिमी या दोन्ही भूमिका गुलशन देवय्या यांनी केल्या आहेत. मणीकडे पाहून आपण हसतो खरे, परंतु चित्रपट त्याला एका क्षणापुरताही क्षुद्र करीत नाही. त्याला दुखते आणि तरीही तो उभा राहतो. सुप्री ही सूर्याची बालमैत्रीण लहानपणी बापाचा मार खात वाढलेली आहे, तिलाही दुखते. वेदना न जाणणाऱ्या नायकाभोवती वेदना जाणणारी माणसे उभी करून वीररसाचा खरा अधिकारी कोण, याचा निवाडा बाला यांनी प्रेक्षकावर सोडला आहे.

याच्या उलट उदाहरण २००९ सालच्या ‘चांदनी चौक टू चायना’चे देता येईल. ‘थर्टी-सिक्स्थ चेंबर’चे नायक गॉर्डन ल्यू त्यात खलनायक म्हणून प्रत्यक्ष उपस्थित होते. साहित्य उत्तम होते. परंतु त्या कलावंतामागची साधना चित्रपटाने आपलीशी केली नाही. वेष आला, व्रत आले नाही.

रायपूर ही हबीब तन्वीर यांची जन्मभूमी. त्यामुळे चर्चेच्या अखेरीस ‘चरणदास चोर’चा विषय निघाला, यात नवल नाही. विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेवरून रचलेले आणि छत्तीसगढी नाचाच्या कलावंतांनी १९७५ पासून गाजविलेले हे नाटक. सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही, अशा अशक्य कोटीतल्या प्रतिज्ञा चरणदास गुरूपुढे करतो. गुरू आणखी एक जोडून देतात: खोटे बोलायचे नाही. प्रेक्षक हसतात. पुढे एकेक प्रसंग खरोखरच येऊन उभा राहतो. थट्टेत उच्चारलेला शब्द चोर अक्षरशः पाळतो आणि त्यापायी प्राण गमावतो. वीराभासातून वीराकडे जाणारी ही वाट आपल्या लोकरंगभूमीला नवी नाही.

तेव्हा त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे तर असे देता येईल, की आपण हसलो ते ‘मर्दाला दुखत नाही’ या वाक्याला. ते वाक्य आपण सर्वांनीच लहानपणी ऐकले आहे, पडद्यावर आणि पडद्याबाहेरही. पडलेल्या मुलाला उठवताना ते आजही सहज तोंडून निघते. जुने कुंगफूपट तसे कधीच म्हणत नव्हते. दुखते, आणि दुखत असतानाच शिकावे लागते, हे त्यांचे सांगणे होते. त्यांची थट्टा करता करता ते सांगणे ज्या चित्रपटाला पुन्हा ऐकू आले, त्याच्या विनोदाला वंदन म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.