मेल जातो, पण येत नाही

विवरणपत्रांची मुदत जवळ आली की तालुक्याच्या गावातल्या करसल्लागाराच्या टेबलावर दोन ढीग वाढू लागतात. एक फायलींचा, दुसरा चहाच्या रिकाम्या कपांचा. जामखेड त्याला अपवाद असायचं कारण नाही. जीएसटीची नोंदणी करायची तर एक ओटीपी मोबाइलवर येतो आणि दुसरा ई-मेलवर. मोबाइलवरचा आला, मेलवरचा येत नाही. आउटलुक उघडं आहे, इंटरनेट चालू आहे, शेजारच्या खिडकीत यूट्यूबवर गाणंही वाजतंय. इनबॉक्समधला सगळ्यात वरचा मेल मात्र परवाचा. मग कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन जातो आणि तो फोनवरच निदान करून मोकळा होतो: "फॉरमॅट मारावा लागेल."

या एका वाक्याने गावोगावच्या कचेऱ्यांचा किती जुना पत्रव्यवहार पुसला गेला असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. सर्दीवर छाती उघडायला निघावं, तसा हा प्रकार.

साध्या दुखण्याला साधा इलाज आणि तो जवळच्याच माणसाच्या हाती, हा विचार जगापुढे ठेवणाऱ्या मोजक्या गावांत जामखेडचं नाव आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावानेच निवडलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. त्यांतल्या कितीतरी जणी निरक्षर होत्या. जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी कधी द्यायचं, बाळंतपणात काय बघायचं, आणि रोगी जामखेडच्या दवाखान्यात कधी हलवायचा, हे त्या शिकल्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकाधारित आरोग्यसेवेवर काढलेल्या पुस्तकात जामखेडचा समावेश होता, आणि १९७९ साली आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉक्टरी ज्ञानाभोवतीचं गूढ काढून टाकलं की त्यातलं बरंचसं कुणालाही पेलतं, हा त्यांचा अनुभव. ई-मेलचं दुखणं तर त्याहून कितीतरी सोपं. त्याचीही नाडी पाहता येते. फक्त कुठे बोट ठेवायचं ते ठाऊक हवं.

पहिलं बोट ठेवायचं ते आउटलुकवर नव्हे, ब्राउझरवर. क्रोम किंवा फायरफॉक्स उघडून त्याच पत्त्याने थेट जीमेलच्या, किंवा ज्या कंपनीचा मेल असेल तिच्या, संकेतस्थळावर शिरायचं. हवा असलेला मेल तिथे दिसला, तर पत्र पोस्टात येऊन पडलेलं आहे, घरी आणणारा तेवढा अडखळला आहे. तिथेही दिसत नसेल, तर आउटलुकचा काही दोष नाही. गोंधळ त्याच्या आधी कुठेतरी झाला आहे. या एका तपासणीने निम्मं रान बाजूला पडतं. तरी ती सहसा कुणी करत नाही, हे मोठं नवल.

ही पोस्टाची उपमा ओढूनताणून आणलेली नाही. मेल सर्व्हरवरून आपल्या कॉम्प्युटरवर उतरवण्याच्या पद्धतीचं नावच 'पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल' आहे, म्हणजे पॉप. तिचा पहिला मसुदा १९८४ सालचा, आणि आज वापरात असलेली तिसरी आवृत्ती, पॉप-थ्री, १९८८ सालची. मेल पाठवायचा रस्ता मात्र वेगळा. त्याला एसएमटीपी म्हणतात आणि त्याचे नियम १९८२ साली ठरले. दोन्ही रस्त्यांचे सर्व्हर निराळे, दरवाजे निराळे, कधीकधी पासवर्डाची तपासणीही निराळी. "मेल जातो, पण येत नाही" ही तक्रार ऐकणाऱ्याला चक्रावून टाकते ती यामुळे. जायची वाट मोकळी असताना यायची वाट बंद असणं अगदी शक्य आहे.

पॉपची घडण समजून घेतली तर पुढची अर्धी कोडी आपोआप सुटतात. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून चालायचं आणि घड्याळाकडे बघत वापरायचं. जोडणी लावा, आलेले मेल भराभर उतरवून घ्या, लाइन तोडा, मग निवांत वाचा. पॉप त्या काळाला चपखल बसलेली. ती सर्व्हरवरचे मेल आपल्या मशीनवर आणते आणि वेगळं सांगितलं नाही तर सर्व्हरवरची प्रत पुसून टाकते. पोस्टमनने पत्र हातात दिल्यावर ते टपाल कचेरीत थोडंच राहतं?

आता याच पद्धतीवर आजची कचेरी चालवून बघा. एकच मेल आयडी दुकानातल्या डेस्कटॉपवर आणि घरच्या लॅपटॉपवर, दोन्हीकडे पॉपने लावलेला. रात्री मुलगा गेम खेळायला लॅपटॉप उघडतो, मागे आउटलुकही चालू होतं, दर काही मिनिटांनी सर्व्हरचं दार वाजवतं आणि जे असेल ते उचलून नेतं. सकाळी दुकानात इनबॉक्स कोरडा. दुकानातलं आउटलुक ठणठणीत असतं. त्याच्या आधी कुणीतरी ताट वाढून घेतलेलं असतं, एवढंच. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण दोन्हीकडे केली की हा तंटा मिटतो. त्याहून बरं म्हणजे आयमॅप. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ साली स्टॅनफर्डमध्ये तिची रचना केली. हिच्यात मेल सर्व्हरवरच राहतो आणि फोन, लॅपटॉप, डेस्कटॉप असे सगळे मिळून एकच पेटी पाहतात.

फॉरमॅटचा धोकाही इथेच दडलेला आहे. पॉपवर चालणाऱ्या आउटलुकचे वर्षानुवर्षांचे मेल एका पीएसटी फाइलमध्ये साठतात आणि ती फाइल बहुधा सी ड्राइव्हवरच, डॉक्युमेंट्समध्ये असते. सी ड्राइव्ह पुसला की ते मेल जगात कुठेच उरत नाहीत. म्हणून मशीन दुसऱ्याच्या हाती देण्याआधी ती फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी, मग काय मारायचं ते मारावं. या फाइलचं पोटही अमर्याद नाही. आउटलुकच्या २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांत तिची मर्यादा २ जीबी होती, २००३ आणि २००७ मध्ये मुळातली मर्यादा २० जीबी, २०१० पासून ५० जीबी. पोट तुडुंब भरलं की नवा घास आत जात नाही, आणि ही तक्रारसुद्धा "मेल येत नाही" याच शब्दांत कानावर येते.

सगळ्यात जास्त डोकेदुखी मात्र पासवर्डाची. काल चालत होतं, आज चालत नाही, आणि पासवर्ड तर अक्षर न अक्षर बरोबर आहे अशी शपथ. शपथ खरी असते. ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक जीमेल खात्यांसाठी नुसतं नाव आणि पासवर्ड देऊन बाहेरच्या प्रोग्रामला आत घेणं बंद केलं. मायक्रोसॉफ्टनेही १६ सप्टेंबर २०२४ पासून हॉटमेल आणि आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांना तोच नियम लावला. आता नवे प्रोग्राम ब्राउझरसारखी खिडकी उघडून गूगलकडूनच परवाना आणतात. थंडरबर्ड या मेल-प्रोग्रामला हे जमतं. आउटलुक २०१० सारख्या जुन्या प्रोग्रामला जमत नाही. तो बिचारा पुन्हा पुन्हा पासवर्ड विचारत राहतो आणि माणूस पुन्हा पुन्हा तोच टाईप करत राहतो.

जीमेलपुरता एक मधला मार्ग आहे. खात्याला दुहेरी पडताळणी लावायची आणि गूगलकडून 'ॲप पासवर्ड' काढायचा. तो १६ अक्षरांचा असतो. नेहमीच्या पासवर्डाच्या जागी तोच आउटलुकमध्ये भरायचा. दुकानाच्या भिंतीवर कॅलेंडरशेजारी पासवर्ड चिकटवायची आपल्याकडची रीत त्याच्या बाबतीत तरी पाळू नये, कारण तो मिळालेल्याला दुसरी पडताळणी द्यावी लागत नाही. आणखी एक लक्षात ठेवण्यासारखं म्हणजे खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की जुने ॲप पासवर्ड रद्द होतात. फोनवर कुणी पासवर्ड बदलला असेल, तर डेस्कटॉप गप्प बसण्याचं कारण तेच.

मग येतो सेल.

जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक गोल सेल असतो. त्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं, म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. वीज नसताना कॉम्प्युटरचं घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. जिथे भारनियमन पाचवीला पुजलेलं, तिथे त्याच्यावर भार जास्त. तो संपला की लाइट गेल्यानंतर मशीन चालू होताना तारीख काही वर्षं मागे जाऊन बसते. आता याचा मेलशी काय संबंध? मेल सर्व्हरशी बोलणं सुरू होण्याआधी सर्व्हर आपलं ओळखपत्र दाखवतो आणि त्या प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं असतं. कॉम्प्युटरच्या लेखी आज २०१० साल असेल, तर यंदा दिलेलं प्रमाणपत्र त्याला अजून जन्मालाच न आलेलं वाटतं. तो संशय घेतो आणि दार लावतो. म्हणून प्रमाणपत्राविषयी काही इंग्रजी कुरकुर पडद्यावर दिसली की आधी उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातली तारीख बघावी. महिना बरोबर असला तरी वर्षही बघावं.

तारीख बरोबर असूनही कुरकुर थांबत नसेल, तर मशीनचं वय आडवं येत असण्याची शक्यता असते. मेल ज्या कुलूपबंद नळीतून येतो तिला टीएलएस म्हणतात आणि तिच्या १.० व १.१ या जुन्या आवृत्त्या २०२१ साली अधिकृतपणे बाद ठरवल्या गेल्या. विंडोज सेव्हनवरच्या जुन्या आउटलुकला नवी १.२ आवृत्ती आपोआप वापरता येत नाही, आणि त्या विंडोजचा मायक्रोसॉफ्टने दिलेला आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला. अँटिव्हायरसही कधी मध्ये पडून प्रत्येक मेल हुंगत बसतो. तो क्षणभर बंद करून बघितला की चोर सापडतो. मात्र तपास झाला की तो परत चालू करायचा.

काही कारणं इतकी क्षुल्लक की सांगताना संकोच वाटावा. 'वर्क ऑफलाइन' हे बटण चुकून दाबलं गेलेलं असतं. कधीतरी कुणी बनवलेला नियम बँकेचे सगळे मेल भलत्याच फोल्डरमध्ये ढकलत असतो. मेल स्पॅममध्ये असतो. यादीवर 'फक्त न वाचलेले' अशी चाळणी लागलेली असते. हे सगळं पाहायला पाच मिनिटं पुरतात, आणि मेकॅनिकची भेट-फी वाचते.

सेटिंग तपासायची वेळ आलीच तर आकडे थोडेच आहेत. कुलूपबंद पॉपचा दरवाजा ९९५ क्रमांकाचा, आयमॅपचा ९९३. जुन्या, उघड्या वाटा ११० आणि १४३. आता पुष्कळ ठिकाणी त्या बंद असतात. सर्व्हरचं नाव एका टिंबानेही चुकता कामा नये. जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, तरी जुन्या नावाने टाकलेलं पत्र जामखेडला बिनबोभाट येतं, कारण ४१३२०१ हा पिन तोच आहे आणि पत्र वाटणारा माणूस आहे. सर्व्हर एवढा समजूतदार नसतो. मेल पुरवणाऱ्या कंपनीने नाव बदललं की जुनं नाव लिहिलेलं आउटलुक नुसतं शोधत बसतं.

आता उलट बाजू: ब्राउझरमध्येही मेल नाही. पतसंस्था, शाळा किंवा कारखान्याचा स्वतःच्या नावाचा पत्ता असेल, तर पहिली शंका डोमेनची घ्यावी. डोमेन वर्षाच्या बोलीने मिळतं आणि ते नोंदवून देणारा पोरगा दरम्यान पुण्याला नोकरीला गेलेला असतो. नूतनीकरणाची आठवण त्याच्या मेलवर जाते. मुदत उलटली की त्या नावाच्या घराकडे जाणारी पाटीच उतरवली जाते, आणि मग वेबसाइट व मेल दोन्ही एकदम गप्प होतात. दोन्ही एकाच दिवशी थांबले असतील, तर बाकी काही शोधण्याआधी ही मुदत बघावी.

पत्ता जीमेलचा असेल, तर जागा बघावी. गूगलची फुकट १५ जीबी जागा एकट्या मेलची नसते; तीत ड्राइव्हवरच्या फायली आणि फोटोही मोडतात. लग्नाचे व्हिडिओ गूगल फोटोजवर चढले आणि कचेरीचे मेल यायचे थांबले, असा उलटा संबंध त्यामुळे लागतो. दुकानदार आउटलुकमधून मेल पुसत बसतो आणि जागा काही रिकामी होत नाही, कारण ती खाल्लेली असते भलत्यानेच. पुसायचेच तर आधी व्हिडिओ पुसावेत, आणि कचरापेटीही रिकामी करावी.

दरम्यान आलेल्या मेलचं काय झालं, ते पाठवणाऱ्याला विचारावं. त्याच्याकडे परत आलेल्या इंग्रजी निरोपात तीन आकडी एक क्रमांक असतो आणि त्याचा पहिला आकडा सगळं सांगतो. ५ असेल, तर सर्व्हरने मेल कायमचा नाकारला. तो पुन्हा पाठवायला सांगावा लागतो. ४ असेल, तर अडचण तात्पुरती समजली जाते आणि पाठवणाऱ्याचा सर्व्हर साधारणपणे चार-पाच दिवस दार वाजवत राहतो. सोमवारी अडकलेला असा मेल, गुरुवारी जागा मोकळी केल्यावर, आपणहून येऊन पडतो. थंडरबर्डसारख्या प्रोग्राममध्ये त्यावर तारीख मात्र सोमवारचीच असते. त्यामुळे तो यादीत सगळ्यात वर दिसत नाही. खाली, सोमवारच्या मेलांत जाऊन शोधावा लागतो.